वेलनेसवर घातलेला पैसा परत कुठून येतो?

वेलनेस प्रोग्राम, म्हणजे कर्मचाऱ्यांची तब्येत सांभाळण्यासाठी कंपनीनं चालवायची योजना, विकायला आलेल्या माणसाच्या सादरीकरणात एक स्लाइड हमखास असते: एक डॉलर घाला, तीन डॉलर परत मिळवा. हा आकडा हवेतून आलेला नाही. 2010 मध्ये कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग या हार्वर्डच्या तिघा संशोधकांनी तोवर झालेले अभ्यास एकत्र करून 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात हिशेब मांडला होता. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारांचा खर्च सुमारे 3.27 डॉलरनं आणि गैरहजेरीचा खर्च सुमारे 2.73 डॉलरनं कमी होतो, असं त्यांना आढळलं. दोन्ही धरले तर एकाचे सहा. असा परतावा कुठल्याही फायनान्स विभागाला आवडणारच.

पुढची गोष्ट मात्र त्या स्लाइडवर नसते. याच बेकर आणि साँग यांनी नंतर बीजेज होलसेल क्लब या अमेरिकेतल्या किरकोळ विक्रीच्या साखळीत प्रत्यक्ष प्रयोग केला. कंपनीची 160 ठिकाणं आणि तिथले सुमारे 33,000 कर्मचारी त्यांनी अभ्यासाला घेतले. त्यातली 20 ठिकाणं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि फक्त तिथे आहार, व्यायाम, ताण कमी करणं वगैरे विषयांचा रीतसर प्रोग्राम चालवला. दीड वर्षानं तुलना केली आणि निष्कर्ष 2019 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. प्रोग्राम झालेल्या ठिकाणी 'मी नियमित व्यायाम करतो' म्हणणाऱ्यांचं प्रमाण 8.3 टक्के-बिंदूंनी (म्हणजे दोन टक्केवारींतल्या सरळ वजाबाकीनं) जास्त होतं आणि 'मी वजनाकडे लक्ष देतो' म्हणणाऱ्यांचं 13.6 टक्के-बिंदूंनी. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारांचा खर्च, गैरहजेरी, कामाची गुणवत्ता, नोकरीत टिकून राहणं, यातल्या कशातच दखल घ्यावी असा फरक पडलेला नव्हता. तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही चित्र जवळपास तेच होतं.

विषय तोच, दोघं संशोधकही तेच आणि उत्तरं मात्र उलटी. यात कुणी लबाडी केलेली नाही. फरक कुठून आला हे नीट कळलं, की वेलनेसच्या धंद्यातला अर्धा गोंधळ आपोआप सुटतो.

आजारपण कंपनीला कशात महाग पडतं

पहिला खर्च उपचारांचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, की या विषयावरचे बहुतेक गाजलेले अभ्यास अमेरिकेतले आहेत. तिथल्या मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च अनेकदा स्वतःच्याच तिजोरीतून भागवतात. विमा कंपनी फक्त क्लेमचे कागद सांभाळते. साहजिकच कर्मचाऱ्याचं एक ऑपरेशन टळलं, की कंपनीच्या ताळेबंदात तेवढी रक्कम वाचलेली दिसते. जिथे उपचार सरकारी व्यवस्थेतून होतात किंवा माणूस स्वतःच्या खिशातून पैसे भरतो, तिथे कंपनीला या बाबतीत वाचवायला फारसं काही नसतंच. अमेरिकेतला 3.27 चा आकडा उचलून दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या स्लाइडवर चिकटवणं हा निव्वळ आळस आहे.

दुसरा खर्च गैरहजेरीचा. मोजायला सोपा, म्हणून सगळे हाच मोजतात. पण रजेचा एक दिवस वाचला म्हणजे एका दिवसाचा पगार वाचला, असं होत नाही. पगार दोन्ही वेळा द्यावाच लागतो. नुकसान होतं ते काम अडल्यामुळे, बदली माणसाला ओव्हरटाइम द्यावा लागल्यामुळे किंवा ग्राहक ताटकळल्यामुळे. कारखान्याच्या लाइनवर एक ऑपरेटर आला नाही तर पुढचे दहाजण खोळंबू शकतात. रिपोर्ट लिहिणारा माणूस मंगळवारी आला नाही, तर बहुतेक वेळा तो बुधवारी-गुरुवारी काम भरून काढतो. तेव्हा दोन्हीकडे एकच दर लावून हिशेब करणं चुकीचं ठरतं.

तिसरा खर्च हजेरीपटावर दिसतच नाही. माणूस कामावर आलेला असतो, पण पाठ धरलेली असते, झोप झालेली नसते, अंगात कणकण असते किंवा मनात भलतंच काही चालू असतं. अशा वेळी आठ तासांत चार तासांचं काम होतं आणि त्यातही चुका निघतात. एचआरची मंडळी याला 'प्रेझेंटीझम' म्हणतात. डेलॉइट या सल्लागार कंपनीनं 2024 मध्ये ब्रिटनसाठी काढलेल्या अंदाजात कर्मचाऱ्यांच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे मालकांना वर्षाला सुमारे 51 अब्ज पौंडांचा फटका बसतो असं म्हटलं होतं, आणि त्यातले 24 अब्ज एकट्या प्रेझेंटीझमचे होते. आकडा मोठा असला तरी त्याचा पाया मऊ आहे. 'गेल्या महिन्यात तुम्ही तुमच्या क्षमतेच्या किती टक्के काम केलंत?' असं विचारूनच तो काढावा लागतो आणि या प्रश्नाचं अचूक उत्तर कुणालाच देता येत नाही. म्हणजे हा तोटा खरा आणि मोठाही, पण त्याचा दोन दशांश स्थळांपर्यंतचा हिशेब दाखवणाऱ्याकडे जरा संशयानं पाहावं.

चौथा खर्च माणसं सोडून जाण्याचा. वेलनेसच्या चर्चेत याचा उल्लेख सगळ्यात कमी होतो आणि माझ्या मते पैशाच्या दृष्टीनं पाहायला हवं ते इथेच. अनुभवी माणूस गेला की जाहिरात, मुलाखती, नव्याचं प्रशिक्षण, तो तयार होईपर्यंतचे महिने, शिवाय जाणाऱ्यानं नोटीस पीरियडमध्ये अर्ध्या मनानं केलेलं काम आणि मागे राहिलेल्यांवर पडलेला बोजा, असं सगळं अंगावर येतं. हे पैसे वेगवेगळ्या विभागांच्या बजेटमध्ये विखुरलेले असतात, त्यामुळे एकत्र कुणाला दिसत नाहीत.

नाव कोण नोंदवतं?

आता त्या दोन उलट्या उत्तरांकडे. जुने अभ्यास बहुधा असे होत: कंपनीत प्रोग्राम सुरू झाला, काहींनी भाग घेतला, काहींनी नाही. वर्षभरानं दोन्ही गटांची तुलना केली. भाग घेणाऱ्यांचा दवाखान्याचा खर्च कमी, रजाही कमी. म्हणून प्रोग्राम यशस्वी.

पण सकाळी सातच्या व्यायामाच्या सत्राला नाव कोण नोंदवतं? ज्याला आधीपासूनच व्यायामाची आवड आहे तो. आरोग्य तपासणीला आनंदानं कोण जातं? ज्याला आपले रिपोर्ट चांगले येतील अशी खात्री आहे तो. दोन नोकऱ्या करणारी, घरी आजारी माणूस असलेली, रात्रपाळीवरून दमून परतणारी मंडळी या यादीत क्वचितच असतात. हुशार मुलांनाच प्रवेश देणाऱ्या शाळेनं निकालाची जाहिरात करावी, तसं हे होतं. निकाल खरा असतो, पण त्यात शाळेचा वाटा किती, ते कळत नाही.

शिकागो विद्यापीठातले डेमन जोन्स आणि इलिनॉय विद्यापीठातले डेव्हिड मॉलिटर व ज्युलियन रीफ यांनी हीच गोष्ट पुराव्यानिशी दाखवली. 2016 मध्ये त्यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या जवळपास 5,000 कर्मचाऱ्यांची सोडतीनं विभागणी केली. एका गटाला प्रोग्राममध्ये यायचं निमंत्रण दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. मग एकाच माहितीवर दोन पद्धतींनी हिशेब केला. जुन्या पद्धतीनं, म्हणजे भाग घेणारे विरुद्ध न घेणारे अशी तुलना केली, तेव्हा प्रोग्राम झकास दिसला: भाग घेणारे जिमला जास्त जातात, त्यांचा उपचारांचा खर्च कमी आहे. सोडतीनं पडलेले दोन गट ताडून पाहिले, तेव्हा हे फरक जवळजवळ नाहीसे झाले. शिवाय भाग घेणाऱ्यांचा खर्च प्रोग्राम सुरू होण्याच्या आधीही कमीच होता, हेही नोंदींतून दिसलं. प्रोग्राममुळे निर्विवाद वाढल्या त्या दोन गोष्टी: आरोग्य तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण, आणि 'आमच्या वरिष्ठांना आमच्या तब्येतीची फिकीर आहे' असं मानणाऱ्यांचं प्रमाण.

या अभ्यासातली आणखी एक बाब जरा अस्वस्थ करणारी आहे. प्रोग्रामकडे ओढली जाणारी माणसं मुळातच धडधाकट आणि कमी खर्चाची असतील, तर अशा सोयींमुळे कंपनीकडे तीच माणसं येतील आणि टिकतील. कागदावर कंपनीचा खर्च घटलेला दिसेल, पण एकाचीही तब्येत सुधारलेली नसेल. व्यवसायाला फायदा झाला हे खरं. ज्याच्या नावानं झाला ते कारण मात्र खोटं. भाग न घेणाऱ्याचा किंवा वजन ठरावीक मर्यादेत न आणणाऱ्याचा विम्याचा हप्ता वाढवणाऱ्या योजनांतही हाच धोका असतो. तिथली 'बचत' म्हणजे बऱ्याचदा आजारी माणसाच्या खिशातून कंपनीच्या खिशात गेलेले पैसे.

आकडे फुगण्याचं दुसरं कारण साधं आहे. गेल्या वर्षी ज्यांचा खर्च सगळ्यात जास्त झाला अशांना निवडून प्रोग्राममध्ये घातलं, तर पुढच्या वर्षी त्यांचा खर्च बहुधा कमी होणारच. ज्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याचं त्याच गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी पुन्हा होत नाही. तुलनेला दुसरा गट नसेल तर ही नैसर्गिक घटही प्रोग्रामच्या खात्यावर जमा होते.

पैसा खरोखर कुठे वाचला

एवढं वाचून 'मग सगळंच बंद करा' असं कुणाला वाटेल. ते बरोबर नाही. वेलनेस या एका नावाखाली फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांचा परतावा सारखा नसतो.

पेप्सिकोचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. तिथल्या प्रोग्रामचा सात वर्षांचा हिशेब रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी तपासला आणि 2014 च्या सुरुवातीला प्रसिद्ध केला. प्रोग्रामचे दोन भाग होते. पहिला भाग जीवनशैलीचा: वजन, व्यायाम, तंबाखू, ताण. दुसरा भाग ज्यांना आधीच मधुमेह, दमा, हृदयविकार असा दीर्घकाळचा आजार आहे अशांसाठी: नर्स फोनवरून पाठपुरावा करणार, औषधं वेळेवर घेतली जातात का पाहणार, दवाखान्यात भरती व्हायची वेळ येऊ नये म्हणून आधीच लक्ष देणार. एकूण परतावा एका डॉलरला दीड डॉलर निघाला. पण भाग सुटे करून पाहिल्यावर आजार सांभाळण्याच्या भागानं डॉलरमागे 3.80 डॉलर दिले होते आणि जीवनशैलीच्या भागानं जेमतेम 50 सेंट. म्हणजे तिथे निम्मे पैसे बुडालेच. भाग घेणाऱ्यांपैकी फक्त 13 टक्के लोक आजार सांभाळण्याच्या गटात होते, पण उपचारखर्चातल्या बचतीपैकी 87 टक्के त्यांच्यामुळे झाली.

असं का व्हावं? चाळिशीच्या निरोगी माणसानं आज वजन कमी केलं, तर त्याचा टळलेला हृदयविकार कदाचित साठीत दिसेल. तोवर तो तीन कंपन्या बदललेला असतो. खर्च एकीनं केला, फायदा दुसरीला किंवा सरकारी रुग्णालयाला झाला. समाजासाठी हा व्यवहार उत्तमच आहे. फक्त कंपनीच्या तीन वर्षांच्या ताळेबंदात तो दिसणार नाही. उलट ज्याची साखर आजच हाताबाहेर गेलेली आहे, त्याचं औषधपाणी सुरळीत झालं तर दवाखान्यातली एक भरती याच वर्षी टळते.

काही कंटाळवाण्या उपायांचे पुरावे चकचकीत ॲपपेक्षा कितीतरी भक्कम आहेत. फ्लूच्या लशीचं उदाहरण घ्या. 1994-95 च्या हिवाळ्यात मिनिआपोलिस-सेंट पॉल भागातल्या 849 निरोगी नोकरदारांवर चाचणी झाली; काहींना लस, काहींना नुसतंच पाण्यासारखं इंजेक्शन. लस घेतलेल्यांत सर्दी-खोकला-तापाची दुखणी 25 टक्क्यांनी आणि त्यापायी घेतलेल्या रजा 43 टक्क्यांनी कमी निघाल्या. माणशी बचत 46.85 डॉलर. हंगामातला फ्लू लशीशी किती जुळतो यावर हा फायदा दरवर्षी बदलतो, हे खरं. तरीही ऑफिसातच लस टोचून देणं हा स्वस्तात होणारा प्रकार आहे.

तंबाखूचंही तसंच. जनरल इलेक्ट्रिकच्या 878 कर्मचाऱ्यांच्या प्रयोगात एका गटाला सिगारेट सोडण्याची माहिती दिली आणि दुसऱ्या गटाला माहितीबरोबर टप्प्याटप्प्यानं एकूण 750 डॉलरपर्यंत बक्षीसही देऊ केलं. सोडल्याचा दावा तपासणी करून खरा-खोटा ठरवला जाई. वर्षभराच्या सुमारास बक्षीस गटात 14.7 टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती, दुसऱ्यात 5 टक्क्यांनी. बक्षिसं संपल्यानंतरच्या तपासणीत हे आकडे 9.4 आणि 3.6 पर्यंत उतरले, म्हणजे काहीजण परत वळले. तरी फरक टिकला.

तब्येत कामामुळेच बिघडत असेल तर

वेलनेसच्या बहुतेक योजनांत एक गृहीतक न बोलता दडलेलं असतं: बिघाड कर्मचाऱ्यात आहे. त्यानं नीट खावं, चालावं, दीर्घ श्वास घ्यावा, मन खंबीर करावं. काम जसं आहे तसंच राहणार.

लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली झालेला दीर्घ अभ्यास या गृहीतकाला छेद देतो. 1985 मध्ये सुरू झालेल्या टप्प्यात 10,308 कर्मचारी होते. हे सगळे बसून काम करणारे, सगळ्यांना उपचार मोफत, कुणीही उपाशी नाही. तरी ज्यांना आपल्या कामावर काहीच ताबा नव्हता, म्हणजे कोणतं काम आधी करायचं, कसं करायचं, विश्रांती कधी घ्यायची हे दुसरंच कुणी ठरवत होतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. सगळा भार वरच्या साहेबावर असतो म्हणून त्रासही त्यालाच जास्त, हा लाडका समज त्यामुळे बराच डळमळला.

तासांचाही हिशेब झाला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. साठ तास राबवून घेणाऱ्या कंपनीनं शुक्रवारी ध्यानाचं सत्र ठेवलं तर त्याचा कितीसा उपयोग व्हावा? ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाची सत्रं, मनोबल वाढवणारी शिबिरं, झोपेची ॲप असे व्यक्तीला उद्देशून केलेले उपाय वापरणारे आणि न वापरणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात सांगण्यासारखा फरक त्यांना दिसला नाही. 2024 मध्ये हे निष्कर्ष आले. ही माहिती सोडतीच्या प्रयोगातली नव्हती. पण नाव नोंदवणारे मुळात जास्त उत्साही असतात हे धरलं, तर त्यांचे आकडे उलट उजवेच दिसायला हवे होते.

कामच बदललं तर काय होतं, याचे प्रयोगही झाले आहेत. गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या 28 दुकानांत 2015-16 च्या सुमारास असा एक प्रयोग झाला. काही दुकानांत शिफ्टच्या सुरू-संपण्याच्या वेळा स्थिर केल्या, आपसात शिफ्ट बदलायला ॲप दिलं, काहींना किमान तासांची हमी दिली, गर्दीच्या वेळी माणसं वाढवली. बाकीच्या दुकानांत जुनीच पद्धत. बदल केलेल्या दुकानांची विक्री 7 टक्क्यांनी आणि कामगारांची उत्पादकता 5 टक्क्यांनी वाढली. कर्मचाऱ्यांची झोपही सुधारली. याला कुणी वेलनेस प्रोग्राम म्हटलं नव्हतं. मला विचाराल तर या लेखातला सगळ्यात चांगला वेलनेस प्रोग्राम हाच.

दुसरा प्रयोग ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीतला. तिथे 1,612 कर्मचाऱ्यांना जन्मतारीख सम की विषम यावरून दोन गटांत विभागलं. एका गटाला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची मुभा होती, दुसरा गट पाचही दिवस ऑफिसात. सहा महिन्यांत पहिल्या गटातली गळती एक-तृतीयांशानं कमी झाली आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांत फरक पडला नाही. गंमत म्हणजे सुरुवातीला मॅनेजर मंडळींना उत्पादकता घसरेल अशी धास्ती होती. प्रयोग संपेपर्यंत त्यांचं मत थोडंसं उलट झालेलं होतं. कंपनीनं ही पद्धत मग सगळ्यांना लागू केली.

मन:स्थिती आणि काम यांचा थेट संबंध तपासायची एक हुशार युक्ती ब्रिटिश टेलिकॉमच्या 11 कॉल सेंटरमध्ये वापरली गेली. सुमारे 1,800 विक्री कर्मचाऱ्यांना दर आठवड्याला 'कसं वाटतंय?' असं विचारून एका चेहऱ्याच्या चिन्हावर टिचकी मारायला सांगितलं. विक्री झाल्यामुळे माणूस खूश, की खूश असल्यामुळे विक्री, हे कसं सोडवायचं? संशोधकांनी हवामानाचा आधार घेतला. खिडकीतून बाहेरचं मळभ दिसलं की मूड उतरतो, पण त्या मळभाचा देशभरातून फोनवर येणाऱ्या ग्राहकाशी संबंध नसतो. निष्कर्ष असा, की माणूस खुशीत असतो त्या आठवड्यात विक्री बारा-तेरा टक्क्यांनी वाढते. तास वाढत नाहीत. त्याच तासांत जास्त फोन होतात आणि त्यातले जास्त फोन विक्रीत उतरतात.

पाठकोऱ्या कागदावरचा एक हिशेब

समजा एका कंपनीत 1,000 माणसं आहेत. पैशाऐवजी 'एका माणसाचा एका महिन्याचा पगार' हे माप धरू. वर्षाचा एकूण पगार झाला 12,000 मापं. वेलनेसवर पगाराच्या अर्धा टक्का खर्च केला, म्हणजे 60 मापं.

माणशी वर्षाला आठ दिवस आजारपणाची रजा होते आणि ती एक-दशांशानं घटली, तर 800 दिवस वाचतात. महिन्याला 20 कामाचे दिवस आणि दिवसाचं नुकसान ढोबळमानानं दिवसाच्या पगाराइतकं धरलं तर 40 मापं. म्हणजे फक्त रजेकडे पाहिलं तर योजना तोट्यात. आता गळती पाहू. वर्षाला 15 टक्के माणसं सोडून जातात आणि एकाच्या जागी दुसरा तयार करायला चार महिन्यांच्या पगाराइतका खर्च येतो असं धरू. गळती 15 वरून 13 टक्क्यांवर आली तर 20 माणसं टिकली, म्हणजे 80 मापं वाचली. एकूण 120, खर्चाच्या दुप्पट.

हे आकडे मी मांडणी दाखवण्यापुरते घेतले आहेत. आपल्या कंपनीचे खरे आकडे घालून पाहिले तर उत्तर बदलेल. पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी तशीच राहते: गळतीतला दोन टक्के-बिंदूंचा बदल रजेतल्या दहा टक्क्यांच्या बदलाला मागे टाकतो. मंदीच्या वर्षात बाहेर नोकऱ्याच नसल्यामुळे गळती आपसूक घटते, तेव्हा त्या घटीचं श्रेय योग शिक्षकाला देऊ नये, एवढं पथ्य पाळावं.

मोजायचं कसं

लहान कंपनीलाही प्रामाणिक मोजणी जमते. योजना सगळ्या विभागांत एकाच दिवशी सुरू करू नका. दहा शाखा असतील तर चिठ्ठ्या टाकून पाच शाखांत आधी सुरू करा, उरलेल्या पाचांत वर्षभरानं. तुलना करताना भाग घेतलेल्यांनाच न मोजता त्या पाच शाखांतल्या झाडून सगळ्यांना मोजा, एकदाही न फिरकलेल्यांनासुद्धा. असं केलं की नाव कोणी नोंदवलं हा प्रश्नच उरत नाही. विक्रेत्याला हे आवडत नाही, कारण त्याच्या अहवालातला 'सहभागी कर्मचाऱ्यांमध्ये 80 टक्के समाधान' हा तक्ता त्यातून बाद होतो.

पहिल्या वर्षी उपचारांच्या खर्चात बदल शोधत बसू नये. तो दिसलाच तर बहुधा योगायोग असतो. सहा महिन्यांत हलू शकतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत: औषधं नियमित घेणाऱ्या मधुमेही कर्मचाऱ्यांचं प्रमाण, ऐनवेळी बदललेल्या शिफ्टची संख्या, मंजूर असूनही रद्द कराव्या लागलेल्या रजा, राजीनामे. राजीनामे टीमनिहाय पाहावेत. गळती एकाच मॅनेजरखाली साचलेली निघाली तर उपाय त्या मॅनेजरपाशी शोधावा लागतो.

आता गोपनीयतेबद्दल, कारण चांगल्या योजना बऱ्याचदा इथेच मरतात. समुपदेशनाची हेल्पलाइन बहुतेक कंपन्यांत असते आणि वापरणारे मूठभर असतात. 'मी फोन केला हे साहेबाला कळलं तर?' ही भीती त्यामागचं एक मोठं कारण. भीती अगदीच अनाठायी नाही. आठजणांच्या टीमचा 'एका कर्मचाऱ्यास नैराश्याची लक्षणं' असा अहवाल आला, तर तो कोण हे शोधायला फार वेळ लागत नाही. म्हणून ठरावीक संख्येपेक्षा लहान गटाचे आकडे दाखवायचेच नाहीत, तपासणीचे रिपोर्ट डॉक्टर आणि कर्मचारी यांच्यातच राहतील, समुपदेशनाचं बिल नावांशिवाय फक्त सत्रांच्या संख्येवर येईल आणि विक्रेता ही माहिती तिसऱ्या कुणाला विकणार नाही, एवढं करारात स्पष्ट शब्दांत हवं. मसुद्यात ही कलमं नसतील तर सही करण्याआधी घालून घ्यावीत, आणि कर्मचाऱ्यांना ती त्यांच्या भाषेत वाचायला द्यावीत.